दीडला निघून आठला अमेरिकेत: मुंबई–न्यूयॉर्क प्रवासाचं गणित

मावशी पहिल्यांदाच अमेरिकेला निघाली होती. लेकीचं बाळंतपण, मुक्काम न्यू जर्सीतल्या एडिसनला, जून ते नोव्हेंबरअखेर. बॅगेचं वजन, डिंकाचे लाडू नेता येतील की नाही, हे सगळे प्रश्न संपल्यावर तिने तिकिटाचा कागद माझ्यापुढे धरला. "अरे, हे बघ. रात्री दीडला मुंबईहून निघतं आणि त्याच तारखेला सकाळी आठला न्यूयॉर्क. साडेसहा तासांत अमेरिका? आणि येताना मात्र सकाळी साडेअकराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला घरी. म्हणजे पंचवीस तास? येताना काय बैलगाडीने आणतात का?"

खरं तर उलट आहे. जातानाच जास्त वेळ लागतो, साधारण सोळा तास. येताना साडेचौदा. तिकीट खोटं बोलत नाही, पण प्रत्येक वेळ ते त्या त्या गावच्या घड्याळात सांगतं आणि वाचणारा मात्र दोन्ही एकाच घड्याळातल्या समजतो. घड्याळाचा हा घोळ सोडवायला सोपा आहे, त्याकडे शेवटी येतो. आधी अंतर पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे.

इंटरनेटवर शोधलं तर मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे 12,550 किलोमीटर असं उत्तर येतं. मोठी जेट विमानं वर स्थिरावली की ताशी 900 किलोमीटरच्या आसपास जातात. भागाकार केला की चौदा तासांच्या आत उत्तर येतं. मग सोळा कुठून आले? आणि दोन्ही दिशांना अंतर तेच असताना वेळ वेगळी का?

मावशी तेव्हा होणाऱ्या नातवंडासाठी टोपडं विणत होती. तिची लोकर घेतली आणि कपाटावरचा धुळीने माखलेला पृथ्वीगोल खाली काढला. लोकरीचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि मधे ताणून धरलं. धागा ताणला की तो आपोआप सगळ्यात जवळची वाट पकडतो, त्याला शिकवावं लागत नाही. मावशीची अपेक्षा होती की धागा अरबस्तान, आफ्रिकेचा वरचा भाग आणि अटलांटिक असा पश्चिमेकडे जाईल. भिंतीवरच्या नकाशात तसंच दिसतं: न्यूयॉर्क डावीकडे, जरासं वर. पण धागा सरळ उत्तरेकडे सटकला. सौराष्ट्र, कच्छचं रण, सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तानचं वाळवंट, पश्चिम कझाकस्तान, मग जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, पुढे आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक निसटतं ठेवून कॅनडातलं लॅब्राडोर, आणि तिथून खाली उतरत न्यूयॉर्क. मुंबईतून निघताना विमानाने तोंड पश्चिमेला नव्हे, उत्तर-वायव्येला करायचं.

गोलावरच्या दोन ठिकाणांमधली ही सगळ्यात जवळची वाट म्हणजे बृहद्‌वृत्ताचा तुकडा. दोन्ही गावं आणि पृथ्वीचं केंद्र एकाच सुरीच्या पात्यात येतील असा छेद घेतला, कलिंगड बरोबर मधोमध कापावं तसा, की सालीवर जी रेघ उमटते ती ही वाट. सपाट नकाशावर ती कमानीसारखी वाकडी दिसते, कारण नकाशा वाकडा आहे. आपल्या डोक्यात बसलेला नकाशा 1569 साली गेरार्डस मर्केटरने जहाजवाल्यांसाठी काढलेल्या पद्धतीचा. त्यावर होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारी वाट सरळ रेघ दिसते, म्हणून खलाशांना तो सोयीचा. पण त्या सोयीसाठी उत्तरेकडचा भाग ताणावा लागला. ग्रीनलंड त्यात आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. तिकडे ताणलेल्या भागातून जाणारी वाट नकाशावर लांब दिसते आणि जमिनीवर आखूड असते.

नकाशावरची ती सरळ रेघ खरोखरच धरली तर काय होईल? हिशेब करून पाहिला. ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरियाचं वाळवंट असं करत सुमारे 14,200 किलोमीटर. म्हणजे 1,600 किलोमीटरहून जास्त फेरा, जवळजवळ दोन तास. सरळ दिसतं तेच लांबचं निघतं.

आता दुसरी गोष्ट. धाग्याला परवानगी लागत नाही, विमानाला लागते. 1944 सालच्या शिकागो करारात हे स्पष्ट लिहिलेलं आहे की प्रत्येक देशाचा आपल्या डोक्यावरच्या आकाशावर पूर्ण हक्क आहे. वरून जायचं तर विचारायचं, पैसेही मोजायचे, आणि तो देश नाही म्हणाला तर वळसा घालायचा. आपल्या धाग्यावरचे देश पुन्हा वाचून बघा. बालाकोटनंतर 2019 मध्ये फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं. एप्रिल 2025 मध्ये ते भारतीय विमान कंपन्यांना पुन्हा बंद झालं. रशियाने युक्रेनच्या युद्धानंतर, 2022 पासून, अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना आकाश बंद केलं, भारतीय कंपन्यांना केलेलं नाही. म्हणजे एकाच दिवशी त्याच दोन शहरांमध्ये भारतीय विमानाची वाट वेगळी आणि अमेरिकी विमानाची वेगळी असू शकते. नुसतं "अंतर किती" या प्रश्नाला म्हणूनच अर्थ नाही. कोणाच्या विमानाने आणि कोणत्या वर्षी, हेही विचारायला हवं.

पण इथे मला स्वतःलाच नवल वाटलं अशी एक गोष्ट सांगतो. वळसा म्हटलं की आपल्याला पुणे-बंगळूर रस्त्यावरचा घाट आठवतो, खूप लांब. म्हणून धागा मुद्दाम इस्तंबूलवरून नेऊन पाहिला: मुंबई ते इस्तंबूल साधारण 4,800 किलोमीटर, इस्तंबूल ते न्यूयॉर्क साधारण 8,050. बेरीज 12,850 च्या पुढे थोडी. म्हणजे पाकिस्तान नको, रशिया नको म्हणून सगळा मार्ग हजारो किलोमीटर दक्षिणेला ओढला, तरी वाढलं किती? सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर. वीस-पंचवीस मिनिटं. माझ्या पृथ्वीगोलावर, ज्याचा व्यास एक फूट आहे, ही वाढ एक सेंटीमीटरसुद्धा भरत नाही. लांबलचक ताणलेला धागा मधेच बाजूला ओढला तर तो बाजूला पुष्कळ सरकतो, पण लांबी जेमतेम वाढते. मुंबईकरांचं नशीब असं की आपल्या पश्चिमेला समुद्र आहे. निघालं की अरबी समुद्रावरून ओमानकडे वळता येतं.

दिल्लीचं तसं नाही. दिल्ली ते न्यूयॉर्क धागा ताणला तर जेमतेम 11,750 किलोमीटर, मुंबईपेक्षा कितीतरी कमी. पण पाकिस्तान दिल्लीच्या अगदी उंबरठ्यावर आहे. दिल्लीहून आधी अहमदाबादकडे खाली या, तिथून मस्कत, मग वर, असा धागा लावला की सुमारे 1,800 किलोमीटर वाढतात. दोन तासांचा खड्डा. वळसा प्रवासाच्या मधे असेल तर स्वस्त, आणि घराच्या दारातच असेल तर महाग. 2025 मध्ये दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं वाटेत युरोपात इंधनासाठी उतरवावी लागली ती यामुळेच.

मोठ्या विमानाला वाटेत उतरणं का नको असतं आणि टाकी आणखी का भरत नाहीत, असाही प्रश्न येतो. बोइंग 777-300 ईआर पूर्ण भरलं की साडेतीनशे टन वजनाचं होतं, आणि त्यात इंधनच 145 टनांपर्यंत असू शकतं. इतक्या लांबच्या उड्डाणात इंधनाचा मोठा हिस्सा इंधन वाहून नेण्यातच जळतो. पाण्याचा टँकर स्वतःच्याच टाकीतलं पाणी पीत पीत चालला आहे असं समजा. आणखी एक तास उडायचं तर फक्त एका तासाचं इंधन वाढवून भागत नाही, ते इंधन उचलून न्यायलाही इंधन लागतं. आणि वजनाची मर्यादा गाठली की मग सामान किंवा माणसं कमी करावी लागतात.

हे झालं वाटेचं. आता जाता-येताचा फरक. इथे बहुतेक लोक एक उत्तर देतात आणि ते ठाम चुकतं. माझ्या भाच्याने तेच दिलं: "पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना, मग पश्चिमेला जाताना न्यूयॉर्क आपल्याकडे येत असणार. म्हणजे जाताना कमी वेळ लागायला हवा!" तर्क झकास आहे. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,580 किलोमीटरने पूर्वेला फिरते आहे. हेलिकॉप्टर नुसतं हवेत उभं करायचं, खालून देश सरकत जातील. तसं होत नाही, कारण हवाही जमिनीबरोबर फिरते. धावत्या लोकलमध्ये शेंगदाणा वर उडवला तर तो आपल्याच तोंडात येतो, मागच्या डब्यात जात नाही. विमान त्या डब्यातल्या हवेत उडतं.

मग फरक कशाने? डब्यातल्या हवेतच वारं आहे, आणि वर ते फार मोठं आहे. विषुववृत्ताकडची हवा तापते, ध्रुवाकडची गार राहते, आणि या दोन्हींच्या सीमेवर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा झोत वाहतो. यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहेच: उत्तरेकडे निघालेली हवा ते फिरणं पूर्वेला वळवतं. याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात दोन्हीकडच्या तापमानातला फरक वाढतो तसा झोतही वाढतो, आणि कधीकधी ताशी 300 किलोमीटरच्या वर जातो. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता आणि जगाला कळावं म्हणून निष्कर्ष एस्पेरांतो या, सगळ्या जगाला समान म्हणून मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापले. झालं असं की जगाने ते वाचलेच नाहीत. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानवर गेलेल्या अमेरिकी बॉम्बफेक्या विमानांना हा वारा समोरून लागला तेव्हा त्याची खरी दखल घेतली गेली. जगाने वाचावं म्हणून मुद्दाम जगाची भाषा निवडली आणि नेमकी तीच आडवी आली, याचं मला अजून वाईट वाटतं.

या झोताची ताकद बघायची तर 8 फेब्रुवारी 2020 ची रात्र बघा. अटलांटिकवर किआरा नावाचं वादळ होतं. न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं एक जम्बो जेट त्या वाऱ्यावर स्वार होऊन 4 तास 56 मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी 1,300 किलोमीटरच्या वर. आवाजाचा वेग काही त्याने ओलांडला नाही, कारण भोवतालची हवाच त्याच्याबरोबर धावत होती. सरकत्या जिन्यावरून चालणारा माणूस धावत नसतो, तसंच.

आता मावशीच्या तिकिटावर हे बसवू. आकडे मी सोपे धरतो. वळशासकट वाट 13,000 किलोमीटर. वारा नसता तर 900 च्या वेगाने 14 तास 27 मिनिटं लागली असती. जाताना समोरचा वारा, सगळ्या वाटेची सरासरी काढून ताशी 50 धरू. म्हणजे जमिनीवरचा वेग 850, आणि वेळ 15 तास 18 मिनिटं. येताना तोच वारा पाठीमागून, वेग 950, वेळ 13 तास 41 मिनिटं. वर चढताना आणि उतरताना विमान हळू असतं, गेटपासून धावपट्टीपर्यंत रांगत जातं, आणि मुंबईत तर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात म्हणून रांग असतेच. या सगळ्याची चाळीस-पंचेचाळीस मिनिटं मिळवा. सोळा तास आणि साडेचौदा तास. तिकिटावरची वेळ हवेतली नसते, गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते, हेही यात आलं. शिवाय कंपन्या थोडी सैल वेळ धरतात, म्हणून कधीकधी विमान उशिरा निघूनही "वेळेवर" पोचतं आणि आपण टाळ्या वाजवतो.

वरच्या हिशेबात एक बारीक अन्याय लपला आहे. समोरच्या वाऱ्याने 51 मिनिटं खाल्ली, पाठच्या वाऱ्याने 46 च परत दिली. वारा तोच, अंतर तेच. पण समोरून लागतो तेव्हा प्रवास लांबतो, म्हणजे तो वारा आपण जास्त वेळ सोसतो. मदत करतो तेव्हा प्रवास लवकर आटपतो, म्हणजे मदत कमी वेळ मिळते. दोन्ही बाजूंची सरासरी काढली तर वाऱ्याच्या दिवशी विमान नेहमी तोट्यातच असतं.

म्हणून रोजची वाट रोज ठरते. जाताना झोताला बगल देऊन वरून, येताना मुद्दाम झोतात शिरून. उत्तर अटलांटिकवर तर आकाशात चक्क रस्ते आखतात आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन ते दररोज नव्याने काढतात. एका बाजूला आयर्लंड-स्कॉटलंडकडचं नियंत्रण केंद्र, दुसऱ्या बाजूला कॅनडातलं गँडर. हे गँडर एकेकाळी विमानांचं पाणवठ्याचं गाव होतं, समुद्र ओलांडायच्या आधी किंवा नंतर इंधनासाठी तिथे उतरावंच लागे.

त्या काळाशी तुलना केल्यावर मावशीचे सोळा तास फारसे वाटत नाहीत. आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 ला कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस. एअर इंडियाचं पहिलं मुंबई–लंडन विमान 8 जून 1948 ला उडालं तेही कैरो आणि जिनिव्हा करत. 1960 मध्ये त्यांची बोइंग 707 विमानं लंडनमार्गे न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागली. कुठेही न थांबता मुंबई ते न्यूयॉर्क हे त्यांनी 2007 मध्ये सुरू केलं. यात एक गोष्ट ध्यानात घ्या: 1960 च्या त्या 707 चा वेग आजच्या विमानाएवढाच होता. वेळ वाचली ती थांबे गेल्यामुळे. आवाजाच्या वेगाजवळ जाऊ लागलं की हवेचा विरोध एकदम उसळतो आणि इंधन बेसुमार जळतं. ती भिंत ओलांडून दुप्पट वेगाने जाणारं काँकॉर्ड 2003 मध्ये निवृत्त झालं, आणि त्याला मुंबई–न्यूयॉर्क एवढा पल्ला एका दमात झेपलाही नसता.

राहिलं घड्याळ. मुंबईत रात्रीचा दीड वाजतो तेव्हा जूनमध्ये न्यूयॉर्कला आदल्या दिवशीचे दुपारचे चार वाजलेले असतात, साडेनऊ तास मागे. चारमध्ये सोळा मिळवा, सकाळचे आठ. तिकीट बरोबर. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करतात. म्हणून मावशी परतायच्या वेळी फरक साडेदहा तासांचा. तिकडे सकाळी साडेअकरा म्हणजे इथे रात्रीचे दहा, त्यात साडेचौदा तास, दुसऱ्या दिवशीचे दुपारी साडेबारा.

पडताळा बघायचा असेल तर जाता-येताचे "खोटे" तास मिळवा. एकीकडे फरक वजा झालेला असतो, दुसरीकडे मिळवलेला, त्यामुळे बेरजेत तो उडून जातो. इथे साडेसहा अधिक पंचवीस, साडेएकतीस. खरी बेरीज मात्र सोळा अधिक साडेचौदा, साडेतीस. एक तास जास्त आला तो नोव्हेंबरातल्या त्या रविवारचा.

मावशीला मी वर एक आमिषही दाखवलं. साठ अक्षांशावर जमीन ताशी फक्त 835 किलोमीटरने फिरते, म्हणजे पश्चिमेला जाणारं विमान तिथे जवळजवळ सूर्याच्याच चालीने धावतं. मार्ग तेवढा उत्तरेकडून गेला तर जूनमध्ये पहाटेचा तांबूस उजेड तासन्‌तास सरत नाही. आणि आकाश निरभ्र असेल तर ग्रीनलंडचा बर्फ दिसतो. जाताना तो उजव्या हाताला येईल, तेव्हा उजवीकडची खिडकी माग, असं सांगितलं.

"खिडकी नको रे," लोकर गुंडाळत ती म्हणाली. "सोळा तास म्हणतोस ना? मला कडेची सीट दे. गुडघे आखडतात."